दुसऱ्या अंकातली थरथर

"गर्दी नको म्हणजे नकोच," डॉ. रेहाना मुजावर म्हणाल्या. "लग्न नको, बारसं नको, आठवडी बाजार नको. दर केमोनंतर तुमच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नसल्यातच जमा असणार. आणि तुम्ही मला विचारताय, नाटक करू का?"

"हौशी नाट्यस्पर्धा आहे, डॉक्टर," मी म्हटलं. "गर्दी येणार कुठून?"

"प्रेक्षक किती असतात?"

"तीन परीक्षक. त्यांना यावंच लागतं. बाकी आमचे नातेवाईक, त्यांना ओढून आणावं लागतं."

"मागच्या वर्षी एक कुत्रंही होतं," शेजारी बसलेला माझा नवरा सुरेंद्र म्हणाला. "शेवटपर्यंत बसलं होतं बिचारं."

डॉक्टर हसल्या. डॉक्टर हसल्या की अर्धं काम झालं, हे मला तोवर कळून चुकलं होतं.

मी तेव्हा तासगावच्या हायस्कूलमध्ये भूमिती शिकवायची. वय चाळिशीच्या जरा पुढे. मानेत गाठ आली, ती कॅन्सरची निघाली, आणि सांगलीच्या दवाखान्यात माझी केमोथेरपी सुरू झाली. डोक्यावरचे केस गेले, भुवया गेल्या, जिभेची चव गेली. शाळेतून रजा मिळाली, आणि घरी बसून मी इतकी कावले की स्वयंपाकघरातल्या फरश्यांचे कोन मोजायला लागले. उरलं होतं ते एक नाटक. ते सुटलं असतं तर मी कॅन्सरच्या आधी कंटाळ्यानंच गेले असते.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता त्या हसत नव्हत्या.

"करा नाटक. पण नीट ऐकून घ्या. मला बाहेरच्या जंतूंपेक्षा तुमच्या आतल्यांची जास्त भीती आहे. आपल्या तोंडात, आतड्यात, कातडीवर जंतू असतातच. एरवी पांढऱ्या पेशी त्यांना वेशीवरच अडवतात. आता वेशीवर कुणी नाही. एखादा रक्तात शिरला तर अंगभर मोकाट सुटतो. ताप शंभराच्या वर गेला किंवा थंडी वाजून आली, की हातातलं टाकून इथं यायचं. क्रोसिन घ्यायची नाही. सकाळपर्यंत बघू, असं म्हणायचं नाही. त्यात माणूस दिवसांत नाही, तासांत जातो."

"आणि नेमकं नाटक चालू असेल तर?"

"तर पडदा पाडायचा," डॉक्टर म्हणाल्या.

सुरेंद्रनं हे सगळं फारच मनावर घेतलं. त्यानं एक पिशवी तयार केली: दोन थर्मामीटर, फाइल, टॉवेल, चार्जर. त्या पिशवीशिवाय तो मला अंगणातल्या तुळशीपर्यंतही जाऊ देईना. तालमीत सगळ्यांना मास्क लावायला लावले, डॉक्टरांचा तापाचा नियमही ऐकवला. एका प्रवेशात नायक माझा हात हातात घेतो; तो बिचारा दर वेळी विंगेत जाऊन सॅनिटायझर चोळून यायचा आणि मग प्रेमात पडायचा.

पण माझं खरं नातं नायकाशी नव्हतंच. ते होतं हणमंतराव शिखऱ्यांशी.

हणमंतराव म्हणजे तासगावातले बेदाण्याचे व्यापारी. मोठा आवाज, मोठं नाक आणि नाटकाचं जबरदस्त वेड. आमच्या मंडळाच्या प्रत्येक नाटकात ते असायचे आणि मीही असायचे, आणि आम्ही दोघं कैक वर्षं एकाच गोष्टीवरून भांडत आलो होतो: उजेड कुणाच्या तोंडावर पडणार. समोरासमोरचा प्रवेश आला की हणमंतराव बोलता बोलता हळूच एक पाऊल मागे सरकायचे, मागच्या पडद्याच्या बाजूला. झालं! आता त्यांच्याकडे बघून बोलायचं तर मला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागणार, आणि यांचा चेहरा मात्र उजेडात लखलखणार. मीही काही कमी नव्हते. ते एक पाऊल मागे गेले की मी खुर्ची ओढत त्यांच्याही मागे जायची. एका नाटकात आम्ही असे मागे मागे सरकत शेवटी भिंतीच्या चित्राला टेकलो होतो. आमचा दिग्दर्शक नंदू चौगुले वीज मंडळात होता. तो म्हणायचा, "तुम्हा दोघांपेक्षा उघडी तार परवडली."

आजारपणात पहिल्यांदा तालमीला गेले, तर हणमंतराव एकदम साधू झालेले. प्रवेश सुरू झाला. हे जागचे हलेनात. उलट स्वतःच पाठमोरे उभे राहिले आणि सगळा उजेड मला देऊन टाकला. मी दोन वाक्यं बोलले आणि थांबले.

"काय चाललंय हे, हणमंतराव?"

"कुठं काय, बाई?"

"मागं का सरकत नाही?"

"असू दे की. तुमची तब्येत..." ते चुळबुळायला लागले. "आता कशाला ती वढावढ?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. घरी आई मला उष्टं भांडं उचलू देत नव्हती, शेजारणी माझ्याशी मयताला आल्यासारख्या हळू आवाजात बोलत होत्या, आणि आता हा माणूसही!

"मी अजून मेलेली नाही," मी म्हटलं. "माझ्याशी भांडायचं असेल तर तालमीला या. दया करायची असेल तर त्या बेदाण्यांवर करा."

हणमंतरावांनी मास्कवरूनच मिशीवर हात फिरवला, घसा खाकरला आणि एक लांबलचक पाऊल मागे टाकलं. मी खुर्ची ओढली. नंदूनं कपाळावर हात मारला, पण त्याचेही डोळे हसत होते. त्या दिवशी घरी जाऊन मी आजारपणात पहिल्यांदाच दोन भाकरी खाल्ल्या.

नाटक असं होतं: चाळिशीपर्यंत म्हाताऱ्या बापाची सेवा करत राहिलेली मुलगी एके दिवशी ठरवते, आता मी लग्न करणार. बाप म्हणजे हणमंतराव, पंचाहत्तरीचे. मुलगी म्हणजे मी. दुसरा अंक लग्नाच्या दिवशीचा. मला हिरवा शालू, मुंडावळ्या, गालांवर भरपूर लाली. रंगभूषाकार माझ्यावर भलताच खूश होता. "ताई, तुमच्या डोक्यावर टोप काय बसतोय! केसवाल्यांचं असं बसत न्हाई बघा." हणमंतरावांना त्यानं पांढरे केस, खोल गेलेले डोळे आणि अशा सुरकुत्या दिल्या होत्या की त्यांची बायकोही ओळखणार नाही. अंकाच्या शेवटी बापाचं मोठं स्वगत होतं. ते हणमंतरावांनी महिनाभर शीतगृहात बेदाण्याच्या पेट्यांसमोर घोटलं होतं. मी त्यांचा उजेड चोरत असेन, पण ते स्वगत त्यांचं होतं. यंदा अभिनयाचं पदक आणायचंच, असं ते सगळ्या बाजारपेठेला सांगून आले होते.

प्रयोग संध्याकाळी सांगलीला होता. पहिला अंक झकास गेला. मध्यंतरात सुरेंद्रनं थर्मामीटर लावला. नव्व्याण्णवच्या थोडा वर.

"शंभर नाही," मी म्हटलं.

"नाही," तो म्हणाला. "पण जवळपास आहे."

"दिव्यांची उष्णता असते रे."

तो पिशवी घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसला. तिसरी घंटा झाली आणि पडदा वर गेला.

मी मुंडावळ्या बांधून खुर्चीत बसलेली. बाप येरझारा घालतोय. पहिली दोन-तीन वाक्यं झाली आणि माझ्या पाठीतून गार पाण्याची धार गेल्यासारखं झालं. मग हात थरथरायला लागले. मग खांदे. मग सगळी खुर्चीच खडखडायला लागली. मुंडावळ्या कपाळावर नाचत होत्या. मी दात आवळले. मनात एकच: हा प्रवेश तेवढा पार पडू दे.

विंगेतून नंदूची कुजबूज आली, "वा! बापाला सोडून जायची भीती! वाढव, अजून वाढव!"

मी वाढवत नव्हते. ते आपोआप वाढत होतं.

आणि टाळ्या पडल्या. हौशी नाटकात, चालू प्रवेशात, टाळ्या! कोपऱ्यातून सुरू झाल्या आणि सगळीकडे पसरल्या. पहिल्या रांगेत सगळ्यांत जोरात कोण वाजवत होतं? मांडीवर दोन थर्मामीटरची पिशवी घेतलेला माझा सख्खा नवरा.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांतच आठवतं. मी उभी राहिले, कारण संहितेत तिथं उभं राहायचं होतं. हणमंतराव सवयीप्रमाणे एक पाऊल मागे सरकले. मी त्यांच्याकडे तोंड करून माझं वाक्य म्हटलं, का नुसतेच ओठ हलवले, देव जाणे. त्यांनी पुढचं वाक्य सुरू केलं, "पोरी, या घराचा उंबरा..." आणि ते थांबले.

हणमंतराव कधी थांबत नसत. एकदा त्यांच्या अंगावर अख्खा दरवाजा कोसळला होता, तर त्यांनी त्या दरवाजालाच उद्देशून दोन वाक्यं म्हटली आणि हशा वसूल केला. तो माणूस भर रंगमंचावर गप्प उभा होता.

"या घराचा उंबरा ओलांडलास तर..." नंदू विंगेतून ओरडला. त्याला वाटलं, विसरले.

हणमंतराव पुढे आले. माझ्या मुंडावळ्या बाजूला केल्या आणि कपाळाला हात लावला.

"बाई," ते म्हणाले. बापाच्या आवाजात नाही, तासगावच्या आवाजात. "बाई, तुम्ही पेटलाय की ओ!"

प्रेक्षकांतून हशा. लोकांना वाटलं, विनोद आहे.

"नंदू, पडदा टाक!"

नंदू नुसता बघत राहिला. संहितेत हे नव्हतं, पण हणमंतरावांच्या पदरच्या वाक्यांची त्याला सवय होती. ही त्यातलीच आहेत, असं समजून तो खुशीत मान डोलवत होता.

मग हणमंतराव प्रेक्षकांकडे वळले आणि पंचाहत्तरीची काठी सुरेंद्रवर रोखून गर्जले, "अहो मगदूम! टाळ्या काय वाजवताय? बायकोला ताप चढलाय तुमच्या!"

पुन्हा टाळ्या. आता तर शिट्ट्याही.

पण सुरेंद्रच्या टाळ्या थांबल्या. तो पिशवीसकट रंगमंचावर चढला. हणमंतरावांनी स्वतः विंगेत जाऊन दोरी ओढली आणि पडदा धाडकन खाली आला. नंदू रडकुंडीला येऊन म्हणत होता, "काका, तुमचं स्वगत! अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे! अर्धवट नाटक बाद होतंय ओ!"

"बाद होऊ दे," हणमंतराव म्हणाले. "बाईंना उचल."

आमची मोटार नेपथ्याच्या टेम्पोमागे अडकली होती. म्हणून हणमंतरावांनी त्यांची बेदाण्याची पिकअप काढली. मी मध्ये, सुरेंद्र कडेला. अंगावर शालू, त्यावर हणमंतरावांचं धोतर, कारण पांघरायला दुसरं काही सापडलं नाही. मेकअपमधला तो म्हातारा चट्ट्यापट्ट्याच्या अर्ध्या चड्डीत गाडी हाणत होता. मला हसायचं होतं, पण दात जाग्यावर राहीनात.

दवाखान्याच्या दारात खरी धमाल झाली. वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन धावत आला, आमच्याकडे एक नजर टाकली आणि हणमंतरावांना धरून खुर्चीत बसवलं. त्याची तरी काय चूक? एकीकडे खोल गेलेले डोळे, पांढरे केस, अंगावर धड कपडा नाही. दुसरीकडे लालबुंद गालांची नवरी. हणमंतराव खुर्चीतून उठायला लागले तर तो म्हणतो, "आजोबा, हलू नका, सगळं नीट होणार हाय."

"अरे पेशंट मी न्हाई!" हणमंतराव ओरडले. नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेसाठी कमावलेला तो आवाज तीन मजल्यांवर ऐकू गेला. "ह्या बाई! केमो चालू हाय! पांढऱ्या पेशी न्हाईत! थंडी वाजून ताप आलाय! पळा!"

सगळे पळाले. आमच्या रंगभूमीवर इतक्या चटकन परिणाम झालेलं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

सिस्टरनी ओल्या टॉवेलनं माझ्या गालावरची लाली पुसली आणि त्या म्हणाल्या, "अगं बाई!" लालीखाली रंगच नव्हता. ताप एकशे तीन, रक्तदाब इतका खाली की यंत्र पुन्हा पुन्हा फुगवावं लागलं. दोन्ही हातांतून तपासणीला रक्त घेतलं, आणि अहवालाची वाट न बघता अँटिबायोटिक आणि सलाइन सुरू केलं. डॉ. मुजावर घरून आल्या तेव्हा मला दिसत होती ती फक्त त्यांची ओढणी. मी त्यांना म्हटलं म्हणे, "डॉक्टर, पडदा पाडला." मला आठवत नाही.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. त्यांच्याबद्दल सुरेंद्र आजही बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि मला चहा प्यावासा वाटला.

डॉक्टर अहवाल घेऊन आल्या. "रक्तात जंतू वाढलेत. ई. कोलाय. तुमच्याच आतड्यातला."

"म्हणजे नाट्यगृहातला नाही?"

"नाही. घरी अंथरुणात पडून राहिला असतात तरी झालं असतं." त्यांनी अहवाल मिटला. "फक्त घरी अंथरुणात असतात तर पांघरूण घेऊन झोपला असतात. अजून तासभर उशीर झाला असता तर मी तुमच्याशी बोलत नसते."

हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मी चहाचा कप खाली ठेवला.

संध्याकाळी हणमंतराव आले. खोलीत यायला बंदी होती, म्हणून दाराच्या काचेपलीकडे मास्क लावून उभे राहिले. सिस्टरनी दार वीतभर उघडं ठेवलं. मास्कच्या वर दिसणारा त्यांचा रंग धुतलेला चेहरा पंचाहत्तरीच्या चेहऱ्यापेक्षाही दमलेला दिसत होता.

"काय ओ, बाई? कसं हाय?"

"बरं आहे. नाटकाचं काय झालं?"

"काय व्हायचंय? बाद." त्यांनी खांदे उडवले. मग एकदम उसळून म्हणाले, "पण एक सांगतो, त्यातल्या एका परीक्षकाला मी सोडणार न्हाई!"

"का? बाद तर होणारच होतं."

"बाद केलं त्याचं काय न्हाई. पण नंदूनं विचारलं, एरवी कसं वाटलं, तर तो शहाणा म्हणतो, बाकी ठीक, पण नायिकेची थरथर अंमळ कृत्रिम वाटली!"

मी इतकी हसले की सलाइनची सुई हलली आणि यंत्र टीं टीं करायला लागलं. सिस्टर धावत आल्या. हणमंतराव मात्र खरोखरच संतापले होते. "कृत्रिम! आमच्या बाईंना कृत्रिम म्हणतोय!"

सिस्टर गेल्या. हसू ओसरल्यावर मी त्यांना विचारलं, "हणमंतराव, परीक्षकांना अभिनय वाटला. नंदूला वाटला. सुरेंद्रनं तर टाळ्या वाजवल्या. तुम्हाला कसं कळलं?"

ते दाराच्या कडीशी चाळा करायला लागले.

"थरथरीवरनं न्हाई कळलं," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर मलाही वाटलं, बाईंनी काय झकास काढलंय. जळलो मी. म्हटलं, हिला आता सोडायची न्हाई. म्हणून सरकलो मागं."

"मग?"

"मग तुम्ही खुर्ची ओढलीच न्हाई. जागच्या जागी माझ्याकडं वळलात. सगळी पाठ पब्लिकला. सगळा उजेड माझ्या तोंडावर." त्यांचा तो मोठा आवाज एकदम बारीक झाला. "तेव्हाच कळलं, बाई. जीव जात असल्याशिवाय तुम्ही मला एवढा उजेड द्यायच्या न्हाईत."

तालमीतला तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. हा माणूस माझ्यावर दया करतच राहिला असता, रोज निमूट उजेड देत राहिला असता, तर त्या संध्याकाळी त्याला काही वेगळं दिसलंच नसतं. त्यानं आपलं स्वगत सुरू केलं असतं आणि मी त्याच्यासमोर उभ्याउभ्या गेले असते. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या असत्या. तो माझ्याशी मनापासून भांडत होता, म्हणून मी वाचले होते.

"रडताय काय, बाई?" ते घाबरून म्हणाले. "सिस्टरना बोलवू?"

"नको," मी म्हटलं. "जरा इकडं सरका. तिथं उभं राहिलात की मला तुमचं तोंड दिसत नाही."

हणमंतरावांनी मागे वळून पाहिलं, डोक्यावरची ट्यूबलाइट शोधली, आणि नीट तिच्याखाली जाऊन उभे राहिले.